लाकूड समितीला कळवलेलं नाही

संपाच्या चौथ्या दिवशी चर्चचा बॉयलर बिघडला. तोवर आम्ही वृद्धाश्रमाच्या फाटकावर पाळीपाळीने उभ्या राहायचो आणि पाळी संपली की चर्चच्या तळघरात जाऊन काहीतरी गरम खायचो. आमच्या मॅनेजरची बायको चर्चच्या समितीवर आहे आणि आदल्याच दिवशी ती तळघरात डोकावून गेली होती. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, असं पाद्रीबुवांनी आम्ही काहीही न विचारता सांगितलं.

बाहेर शून्याखाली वीस होतं. मिनेसोटाच्या या टोकाला त्याला थंडी म्हणत नाहीत, जानेवारी म्हणतात.

संपावर आम्ही अडतीस जणी. मी धुलाईत आहे, दीडशे म्हाताऱ्यांच्या चादरी माझ्याकडे. बाकीच्या बहुतेक जणी म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, भरवणं यात. मागणी साधी होती. रात्रपाळीला चाळीस म्हाताऱ्यांमागे एक बाई असते, त्या दोन करा. कंपनीचं म्हणणं, रात्री म्हातारे झोपतात. कंपनीने म्हातारे पाहिलेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सहा जणी कामावर परत गेल्या होत्या. पहिली मार्लिस, जिने संपाच्या बाजूने सगळ्यात लांब भाषण केलं होतं. होदान, आमची पुढारी, तिला काही बोलली नाही. होदान सोमालियाची, तिने याहून वाईट माणसं पाहिली आहेत, पण याहून वाईट हवा पाहिलेली नाही.

“माणूस नुसता भुकेला असला तर टिकतो, इल्मी,” ती मला म्हणाली. “भुकेला आणि गारठलेला असला की त्याला मॅनेजर देवमाणूस वाटायला लागतो. सोमवारपर्यंत चूल मिळाली नाही तर मंगळवारी फाटकावर तू, मी आणि संपाचा बोर्ड.”

मी म्हटलं, माझ्याकडे चूल आहे.

गावाच्या कडेला फिनिश कामगारांचा हॉल आहे. एकोणीसशे अकरा साली खाणकामगारांनी बांधला. आजाऱ्याला औषध, मेलेल्याला पेटी, संपकऱ्याला सूप, असं सगळं त्यांनी आपापसात लावून घेतलं होतं, कारण खाणीच्या मालकाकडून यातलं फक्त मरण मिळायचं. स्वयंपाकघरात तीनशे माणसांचं सूप शिजेल अशी लोखंडी चूल आहे. सभासद सहा. त्यात मी सगळ्यात तरुण. मी तीन वर्षांपूर्वी सभासद झाले, कारण हॉलमागे सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आहे आणि माझ्या खोलीत गरम पाणी येत नाही. वाफेत बसता बसता मी कॉम्रेड झाले. लोक क्रांतीकडे वेगवेगळ्या वाटांनी येतात.

शुक्रवारी दुपारी मी अध्यक्षांकडे गेले. व्हिएनो हौताला, वय अठ्ठ्याऐंशी, तरुणपणी लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाकीण. तिने सगळं ऐकून घेतलं, मॅनेजरला फिनिशमध्ये एक शब्द वाहिला, आणि माझा हात हातात धरला.

“हॉल तुमचाच आहे, पोरी,” ती म्हणाली. “ठराव मांड.”

मी म्हटलं, मांडते, चावी द्या. ती म्हणाली, चावी ठरावानंतर. ठराव सभेत. सभेला कोरम सात. आणि आम्ही सहा होतो, कारण सुलो नोव्हेंबरात वारला. डिसेंबरच्या सभेत त्याची गैरहजेरी रजा म्हणून मंजूर करून घेतली होती, पण जानेवारीत पुन्हा रजा देणं व्हिएनोला तत्त्वात बसत नव्हतं. नवा सभासद घ्यायचा तर त्यालाही सभा लागते, आणि सभेला सात.

“मग या हॉलमध्ये आता काहीच होऊ शकत नाही?”

“अपील होऊ शकतं,” व्हिएनो म्हणाली. “हकालपट्टी झालेल्याने अपील केलं तर त्या सभेपुरता तो कोरममध्ये धरतात. कलम चौदा.”

हॉलची घटना फिनिशमध्ये आहे, जुन्या फिनिशमध्ये, आणि ती वाचता येणारे चौघेच उरले आहेत. मी मान डोलावली. हकालपट्टी झालेला आणि अजून श्वास घेणारा असा एकच माणूस होता. राइनो केट्टुनेन, हॉलच्या समोरच्याच घरात. त्र्याऐंशी साली त्याने एका गुरुवारी सौना एकट्यासाठी तापवली. सामुदायिक लाकूड, सामुदायिक वाफ, आणि आत एक माणूस. व्यक्तिवादाचा आरोप ठेवून तीन दिवस सुनावणी चालली. ठराव व्हिएनोनेच मांडला होता.

“त्या दिवशी त्याची पाठ दुखत होती,” ती मला दारापर्यंत सोडताना म्हणाली. “पण तसं त्याने सुनावणीत सांगितलं नाही. तो रशियाच्या क्रांतीवर आणि बुखारिनवर बोलला.”

राइनोने दार उघडलं, मला बुटांसकट आत घेतलं नाही, बूट काढल्यावर कॉफी दिली. मी अपिलाचं सांगितलं. त्याने कॉफी संपवली आणि मला मागच्या दारी नेलं. तिथे छपराखाली सरपण रचलं होतं. बर्चची लाकडं, एका मापाची, रांगेत, सालं सगळी वरच्या अंगाला.

“हे काय आहे?” त्याने विचारलं.

“लाकडं.”

“एक्क्याऐंशीत मी खाणीत पडलो. पाठ गेली. तेव्हापासून दर ऑक्टोबरात हॉलची मदत समिती ही लाकडं टाकून जाते. सभासद आजारी पडला की बाकीच्यांनी त्याची लाकडं फोडायची, असा आमचा नियम आहे. मीही धडधाकट होतो तेव्हा तेरा जणांची फोडली.” त्याने एक लाकूड उचलून पुन्हा होतं तिथेच ठेवलं. “आता मी अपील केलं तर त्याचा अर्थ, मी बाहेर होतो. मी बाहेर होतो तर गेली चाळीस वर्षं ही लाकडं मला हक्काची नव्हती. दान होतं. मी दान घेतलं असं तुझं म्हणणं आहे का?”

मी घाईने नाही म्हटलं.

“मग मी अपील करत नाही,” राइनो म्हणाला, आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. संप कुठवर आलाय तेही विचारलं. फाटकावर जाळ पेटवताना वारा कुठल्या अंगाला घ्यायचा ते नीट समजावून सांगितलं. संपाला त्याचा पूर्ण पाठिंबा होता. माझ्या भोवती सगळ्यांचाच पूर्ण पाठिंबा होता आणि सूप कुठेच नव्हतं.

होदानला मी फोनवर सांगितलं. मग तिने विचारलं, हे लोक खाणमालकांशी लढले होते ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मालकांची दया येते.

शनिवारी मी उर्हो लाम्पिनेनकडे गेले. उर्हो हॉलचा सेक्रेटरी, एकोणऐंशी सालापासून. मदत समितीही आता तोच एकटा आहे. पेटी आणि औषधं केव्हाच बंद पडली, उरली ती लाकडं, म्हणून तिला लाकूड समिती म्हणतात. वय चौऱ्याऐंशी, हात अजून दाराएवढे.

मी विचारलं, हकालपट्टीचं इतिवृत्त कोणी लिहिलं? म्हणाला, मी. सही? माझी. मग त्यानंतर चाळीस वर्षं त्याच माणसाच्या दारात लाकडं कोणी टाकली?

“लाकूड समितीने.”

“म्हणजे तुम्ही.”

“लाकूड समितीच्या नात्याने.”

“पण त्यांना काढलंय हे तुम्हाला माहीत होतं.”

“सेक्रेटरीला माहीत होतं,” उर्हो म्हणाला. “हकालपट्टी झाली की सेक्रेटरीने प्रत्येक समितीला लेखी कळवायचं असतं. लाकूड समितीला तसं पत्र आलेलं नाही.”

“ते पत्र तुम्हीच तुम्हाला लिहायचं होतं.”

“हो. मी मला कळवलं नाही.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणाला, त्याची पाठ खरंच वाईट होती गं. मग उठून घटना घेऊन आला, चष्मा लावला, कलम नऊ काढलं, बोट ठेवून दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसला. सगळ्या समित्यांना लेखी कळवल्याखेरीज हकालपट्टी अमलात येत नाही. म्हणजे राइनोची हकालपट्टी झालेलीच नव्हती. अपिलाची गरज नव्हती. आम्ही नोव्हेंबरपासून सातच होतो.

मी आनंदाने उर्होला मिठी मारली. ती त्याने इतिवृत्तात घेतली नाही.

रविवारी दुपारी बारा वाजता सभा भरली. व्हिएनो अध्यक्षस्थानी, शेजारी उर्हो वही घेऊन, समोर मी, आइली आणि त्यूने या बहिणी, आणि आर्वो, ज्याला ऐकू येत नाही आणि जो म्हणून नेहमी तटस्थ राहतो. बारा वाजून दोन मिनिटांनी राइनो आला. कोट, टाय, काखेत घटना. चाळीस वर्षांनी तो त्या दारातून आत येत होता. व्हिएनोने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या कानातल्या यंत्राने बारीक शीळ घातली.

बाहेर होदान आणि अकरा जणी पातेली, वाटाणे आणि कांद्याची पोती घेऊन उभ्या होत्या. खिडकीतून त्यांच्या टोप्या दिसत होत्या.

व्हिएनोने कोरम पूर्ण असल्याचं जाहीर केलं आणि मला ठराव मांडायला सांगितलं. मी उठले. राइनोनेही हात वर केला. हरकतीचा मुद्दा.

त्याचं म्हणणं असं. मी जर सतत सभासद होतो, तर मला प्रत्येक सभेची नोटीस यायला हवी होती. त्र्याऐंशीपासून एकही आलेली नाही. एका सभासदाला नोटीस नसेल तर सभा बेकायदा. तेव्हा गेल्या चाळीस वर्षांतल्या सगळ्या सभा रद्द.

उर्होने पेन खाली ठेवलं.

सभा रद्द म्हणजे त्यात झालेल्या निवडी रद्द. व्हिएनो अध्यक्ष नाही. त्र्याऐंशीचा अध्यक्ष अजून पदावर आहे आणि शहाण्णव सालापासून दफनभूमीत आहे. उर्होची निवड एकोणऐंशीची, तो तेवढा शाबूत. आइली आणि त्यूने नव्वदच्या दशकात आलेल्या, त्या सभासद नाहीत. मी नाहीच नाही. मला अत्यंत आदराने पाहुण्यांच्या बाकावर बसवण्यात आलं. कोरम सात, हजर चार, त्यातला एक तटस्थ.

मी खिडकीकडे पाहिलं. होदानने भुवया उडवून विचारलं, झालं का? मी हाताने खूण केली, जरा थांब. ती खूण मी शुक्रवारपासून करत होते. मग मी पाहुण्यांच्या बाकावरून उठले, आणि पाहुण्याला बोलता येतं की नाही याची पर्वा न करता बोलले.

“उद्या सकाळी गरम खायला मिळालं नाही तर परवा संप नाही. तुम्ही सभा कुठल्याही सालापासून रद्द करा. मला फक्त चूल द्या.”

व्हिएनोने मान खाली घातली. राइनोने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जसं मीच इथे काहीतरी वेडगळ बोलले होते.

“चुलीसाठी सभा कोणी बोलावली?” त्याने विचारलं. त्याने घटना उघडली आणि कलम तीन वाचलं, आधी फिनिशमध्ये, मग माझ्यासाठी पुन्हा. आजार, आग, मरण आणि संप, या चार प्रसंगी मदत समितीने कोणाला न विचारता मदत करावी. सभेची वाट पाहू नये, कारण सभा लांबतात.

मी व्हिएनोकडे पाहिलं. कलम तीन तिला माहीत असणारच. पहिल्या पानावर होतं.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “पण पोरी, सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच कोणी स्वतःहून सभा मागत होतं.”

आणि मदत समिती म्हणजे उर्हो. त्याने शर्टाच्या आत हात घातला आणि गळ्यातली चावी काढली. ती कायम तिथेच असायची. शनिवारी मी त्याला मिठी मारली तेव्हा छातीला काहीतरी टोचलं होतं. मी विचारलं, काल का नाही सांगितलंत? तो म्हणाला, काल तू इतिवृत्ताबद्दल विचारत होतीस.

साडेबाराला चूल पेटली. सरपण समोरून आलं, राइनोच्या ढिगातलं, त्याने स्वतः एकेक करून आणलं आणि कोणाला हात लावू दिला नाही. वाटाण्याच्या सूपात डुकराचं हाड घालायचं नाही, हे होदानने सांगितलं आणि व्हिएनोने पाच मिनिटांत मान्य केलं. हॉलच्या इतिहासातला हा सर्वात जलद निर्णय असावा, पण सभा बेकायदा असल्यामुळे त्याची कुठे नोंद नाही. ती बेकायदा सभा शेजारच्या खोलीत चालूच होती. ती पुढे रोज भरत राहिली.

सोमवारी फाटकावर बत्तीसच्या बत्तीस जणी होत्या. मंगळवारीही. होदान दर पाळीला मोजायची आणि मोजून झालं की पुन्हा मोजायची.

बुधवारी दुपारी मार्लिस आली. अंगात वृद्धाश्रमाचा गणवेश, वर कोट. दुपारपाळीला निघाली होती आणि वाटेत हॉलच्या धुराड्याचा वास आला असेल. दारातच उभी राहिली. चमचे थांबले. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, भाषण करायला आलीय वाटतं. मी होदानकडे पाहिलं. होदान व्हिएनोकडे गेली आणि तिने विचारलं की तुमच्या वेळी संप मोडून गेलेलं माणूस सूप मागायला आलं तर काय करायचात.

“वाढायचो,” व्हिएनो म्हणाली. “भांडी मात्र त्याला घासायला लावायचो. फुकट खाल्लं की माणूस आपल्याकडे परत बघत नाही.”

मार्लिसने दोन वाट्या सूप प्यायलं, मान वर न करता. मग व्हिएनोने तिला मोठं पातेलं दाखवलं. त्यात सकाळचा तळ करपला होता. मार्लिसने बाह्या सारल्या. ते पातेलं झाल्यावर दुसरं आलं. मग तवे आले. मी मधूनमधून घड्याळाकडे बघत होते. मार्लिसही बघत होती. तीन वाजता तिची पाळी सुरू होते. पावणेतीनला तिच्या हातात तिसरं पातेलं होतं आणि कोणीही तिला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. उर्होने आणखी लाकूड घातलं.

साडेतीनला तिने हात पुसले. मॅनेजरने तिला तोवर गैरहजर लावलं असणार. होदानने कोटाच्या खिशातून फाटकावरची यादी काढली, पेन्सिल तोंडात ओली केली आणि तिचं नाव तेहतिसाव्या ओळीवर लिहिलं.

“उद्या सकाळी सहाची पाळी,” ती म्हणाली. “जाड मोजे घाल.”