नवव्या पानावरचे चौदा फुगे

आमच्या दादाला बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. चित्रं मात्र अशी काढायचा की बघणाऱ्यानं पान उलटायचंच विसरावं. माझं नेमकं उलटं. तोंडाचा पट्टा अखंड सुरू, आणि चित्र काढलं तर माणूस आहे की खुर्ची, कळायचं नाही. म्हणून तर आमची जोडी जमली. अकरा वर्षं आम्ही दोघा भावांनी एकच कॉमिक चालवलं, पाच महावीरांच्या टोळीचं.

कामाची रीत ठरलेली. मी गोष्ट सांगायची, दादानं पानं काढायची, मग त्यांच्या प्रतींवर मी संवादांचे फुगे चिकटवायचे. भांडणही ठरलेलं. मला काळ फोडायचा असायचा, विश्वं एकमेकांवर आदळायची असायची. दादा म्हणायचा, "अरे, पण त्या पाचजणांना काय वाटतंय, ते कधी दाखवायचं?"

"विश्व वाचलं की वाटेल त्यांना बरं!" मी म्हणायचो.

जो पुढे शेवटचा ठरला, त्या अंकात नवव्या पानावर काळाचे सात तुकडे होणार होते. दोन महिने डोकेफोड केली होती मी त्यावर. आणि ह्या गृहस्थानं काय काढावं? टोळीतला थोरला, पहाड, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलाय. समोर सगळ्यात धाकटा, ठिणगी. पहाडानं आपला म्होरक्याचा कमरपट्टा काढून त्याच्यापुढे सरकवलाय. पानभर एवढंच. माझं डोकंच फिरलं.

"दादा, माझे सात तुकडे कुठायत?"

"बसतील पुढे कुठेतरी. हे पान राहू दे. ह्याच्यावर काही लिहू नकोस."

"लोक काय पट्टे बघायला अंक घेतात?"

त्यानं पानाची प्रत माझ्यापुढे सरकवली. मी घरी येऊन रागारागानं त्या पानावर चौदा फुगे ठोकले. सात तुकड्यांचं सगळं शास्त्र पहाडाच्या तोंडी घातलं. जागा पुरेना, तेव्हा दोन फुगे त्याच्या चेहऱ्यावरच आले. अंक तसाच छापला गेला.

सहा आठवड्यांनी दादा गेला. पोटात गाठ होती, कधीची. वहिनींशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

महिन्याभरानं वहिनींनी मूळ पान माझ्या हातात ठेवलं. पहाडाचा चेहरा दादाचा होता. हुबेहूब दादाचा, डोळे काठोकाठ भरलेले. हेच चित्र मी आधी पाहिलं होतं हो! फुग्याला जागा किती उरते, तेवढंच पाहिलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी वहिनींवरच ओरडलो.

"मी ह्यांच्या मागेच लागले होते, सांगा त्याला म्हणून. म्हणाले, 'सांगितलंय, नवव्या पानावर. तू मध्ये पडू नकोस. तो बघेल आणि धावत येईल.'" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मग रोज विचारायचे, फोन आला का त्याचा?"

"केला होता ना मी! दोनदा केला होता!"

"हो, भाऊजी. दोन्ही वेळा मीच उचलला," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या अंकाची पानं कधी देणार, एवढंच विचारलंत तुम्ही."