शंभर गाड्यांवरची शीव

किसनरावांची पोटरी त्यांच्याहूनही हट्टी. शंभरेक पावलं टाकली की अशी आवळायची, की भररस्त्यात बसकण मारावी लागे. जरा बसलं की सोडायची, चाललं की पुन्हा धरायची. नत्थुजी वैद्यांनी पाय चाचपून सांगितलं, "पायाकडं जाणाऱ्या रक्ताच्या वाटा चोंदल्या. चिलीम सोडा. दुखेस्तोवर चाला, थांबा, पुन्हा चाला. अन् एका दमात किती चालले, ते रोज मोजा."

मोजायचं कशानं? विलायतेच्याही पलीकडं कुठंशी लढाई जुंपली आणि अमरावतीत कापसाला असा भाव आला, की कापूस तोलायच्या काट्यापासून मळ्यांपर्यंत बैलगाड्यांची रांग लागे. किसनराव काट्यापासून निघत, मान खाली घालून चाकं मोजत आणि पोटरीनं धरलं की थांबत.

हा सगळा खटाटोप शकुनसाठी. माघात लेकीचं लग्न होतं. वऱ्हाड शिवेवर आलं की नवरीच्या बापानं पायी सामोरं जायचं, ही त्यांच्याकडची रीत. घरापासून शीव शंभर गाड्यांच्या रांगेएवढी दूर, असा त्यांचा हिशेब.

दिवाळीनंतर वीस गाड्या झाल्या, मार्गशीर्षात सत्तर! किसनराव येणाऱ्याजाणाऱ्याला आकडा सांगत सुटले. पौषात मात्र घसरगुंडी लागली. पन्नास, मग अठ्ठेचाळीस.

त्यांची बायको पार्वताबाई रांगेच्या शेवटाकडं गाडीवानांना मळ्यातली वांगी विकत. त्यांच्या पाटीशेजारी किसनराव मटकन बसले.

"शिवेवर महादेवरावाले पाठव. भाऊच हाय माहा. माह्या पायानं दगा देल्ला," म्हणाले आणि चक्क रडू लागले.

पार्वताबाईंना नवलच वाटलं. "काहून जी? मांगच्या मइन्यात तुमी त्या कडुलिंबाखाली बसत होते. मी तिथं पाणी आणून देत होती. आज तं माह्यापर्यंत आले!"

किसनरावांनी मान वर केली. कडुलिंब बराच मागं राहिला होता.

पार्वताबाईंनी रांगेकडं बोट केलं. आधी तीन-तीन दिवस खोळंबा होई, म्हणून गाडीवान बैल सोडून गाड्या एकमेकींना खेटून लावत. आता दुसरा काटा सुरू झाला, रांग सरकू लागली, तसे बैल जुंपलेलेच राहत. एक गाडी दोन गाड्यांची जागा खात होती.

"जलम वावरात गेला, अन् मोजताना बैलच इसरले!" त्यांना हसू आवरेना. डोळे पुसता पुसता किसनरावही खो खो हसले. जवळच्या गाडीवानांना काही कळलं नाही, तरी तेही हसले.

माघात वऱ्हाड आलं. वाजंत्री पुढं, किसनराव मागं, शेजारी पार्वताबाई. शीव वीस पावलांवर राहिली आणि पोटरीनं धरलंच. किसनराव जागच्या जागी उभे राहिले. व्याही पंजाबराव काळजीनं पुढं निघाले, तसा किसनरावांनी हात वर केला.

"तिथंच थांबा, व्याहीबोवा! मीच येतो. तवरीक वाजंत्री ऐका."

पंजाबराव थांबले, सगळं वऱ्हाड थांबलं. वाजंत्र्यांना तेवढंच पाहिजे होतं, त्यांनी झकास लय धरली. हळूहळू कळ ओसरली. किसनरावांनी उरलेली वीस पावलं टाकली आणि व्याह्याला अशी कडकडून मिठी मारली, की पंजाबरावांचा फेटा सुटून दोघांच्या खांद्यांवर पसरला.