कादंबरीतली ताई

माझ्या धाकट्या बहिणीने कादंबरी लिहिली आणि गठ्ठा माझ्यासमोर आणून आपटला. मी प्रकाशनात संपादक आहे. वीस वर्षं लोकांची प्रेमं दुरुस्त करते आहे.

"तो उद्या नव्या नोकरीच्या गावी निघतोय. मी बरोबर येते की नाही, ते आज सहापर्यंत सांगायचंय," ती म्हणाली. "त्याआधी हे वाच."

तो म्हणजे आमच्या छापखान्यातला बाइंडर. तिने लग्नाचं काढलं की चार वर्षं मी तिला "थोडं थांब" म्हणत आले होते.

ती खिडकीशी नखं खात बसली. मी लाल पेन उघडलं.

काय एकेक माणसं! नायक तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. नायिका ऊठसूट "ताईला विचारते" म्हणणारी. आणि ती ताई तर अगोचरच! जिथे तिथे नाक खुपसणार, बहिणीची पत्रं आधी स्वतः वाचणार. प्रेमाला दोन पानं, ताईच्या डोकेदुखीला चाळीस. माझं डोकंच फिरलं. समासात ठोकून दिलं : 'ही बया गोष्ट गिळते. काढा.'

पात्र काढायचं तर त्याची पानं वेगळी करून उरलेली गोष्ट उभी राहते का ते बघायचं, ही माझी रीत. उरली अठरा पानं. त्यात दोघं भेटली, बोलली, लग्न करून गेलीसुद्धा.

"बघ," मी टेचात म्हणाले, "हिच्यावाचून काय अडलं?"

धाकटी नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी बाजूला काढलेल्या ताईच्या पानांतलं वरचं पान पुन्हा वाचलं. 'तू गेलीस की माझ्या दुखण्याखुपण्याला कोण?'

हे मी गेल्याच आठवड्यात बोलले होते. शब्दन्‌शब्द.

 धाकटीचा भयंकर राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, या घरात एकटीने राहण्याची.

"मग ताई," ती म्हणाली, "खरंच काढू तिला?"

साडेपाच होऊन गेले होते. 'थांब' अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"काढ," मी म्हणाले. "आणि ऊठ, छापखाना बंद व्हायच्या आत गाठ त्याला."

ती उठेना. माझ्या होकारावर तिचा विश्वासच बसत नव्हता. शेवटी दार मीच उघडलं.