पोच

रुग्णालयाची नवी संगणकयंत्रणा बनवणाऱ्या रेल्याने स्पोमेन्का सिस्टरच्या हातातला फोन काढून घेतला आणि जागेवर आपटला.

"सिस्टर, पेशंट इथून पलीकडे हृदयविभागात गेला, की त्याची सगळी माहिती ठरलेल्या साच्यात, संदेशातून तिकडे जाते. तिकडून पोचही येते. ही बघा हिरवी खूण. मग रोज ही डांगोरा पिटायची हौस कशाला?"

"पोच येते रे बाबा. माहिती पोचते का, ते सांग. पेनिसिलिन कुणाला चालत नाही, ते मी ओरडून सांगितल्याशिवाय तिकडे कळत नाही."

"मग तिकडेही तुमच्यासारखीच माणसं बसलेली दिसतात."

शेजारचे दोघे डॉक्टर हसले. एकतीस वर्षं नोकरी, आणि अजून एका बोटाने अक्षरं शोधणारी बाई! स्पोमेन्काने चष्मा पुसला आणि पुन्हा फोन उचलला.

तिचं तोंड कायमचं बंद करायला रेल्या दुपारी पुरावा आणायला हृदयविभागात गेला. सकाळच्या पेशंटचं नाव, वय, रक्तगट, सगळं पडद्यावर होतं. अ‍ॅलर्जीचा रकाना कोरा.

त्याने संदेश उघडला. अ‍ॅलर्जी त्यात होती, पण त्याच्या यंत्रणेने ती शेऱ्यांच्या रकान्यात घातली होती. इकडची यंत्रणा शेरे वाचतच नव्हती. ते टाकून देऊन इमानेइतबारे पोच पाठवत होती. त्याने मागचे सहा महिने तपासले. अशी अ‍ॅलर्जी गळालेले एकशे बारा पेशंट.

"आणि यांना औषधं कशी दिलीत?" त्याने तिथल्या नर्सला विचारलं.

"स्पोमेन्काताईंचा फोन आल्याशिवाय आम्ही सुई हातात घेत नाही," ती म्हणाली. "तुमच्या त्या डब्यावर कोण विश्वास ठेवतंय?"

शुक्रवारी सभागृहात संचालक डॉक्टर वुकाशिन यांनी रेल्याला पुढे बोलावलं.

"सहा महिन्यांत एकही चूक नाही! सोमवारपासून ती फोनाफोनी बंद."

टाळ्या झाल्या.

"चुका झाल्यात, साहेब," रेल्या म्हणाला. "एकशे बारा. माझ्या. कुणी मेलं नाही, ते सिस्टरमुळे."

वुकाशिनच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. "विनयशील पोरगा आहे," त्यांनी सभेला सांगितलं. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात.

रेल्या खाली उतरला. त्याची पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामीच होती. दुसऱ्या रांगेत स्पोमेन्काने, त्याच्याकडे न बघता, शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.