आरशासारखी चकती

प्रयोगशाळेत चकत्या घासणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. काम सांगायला सोपं: फिरत्या पोलादी चकतीवर पोलादाचीच गोळी दाबून धरायची, मध्ये एरंडेल सोडायचं आणि दोन तासांनी गोळी किती झिजली ते भिंगाखाली मोजायचं. तेल वंगण म्हणून पास झालं तर प्रयोगशाळा चालू राहणार. नापास झालं तर टाळं, आणि ताईंची या तेलावरची तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

तेलाची चाचणी बघायला पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नवे साहेब डोकावले. चकतीवरचे बारीक ओरखडे पाहून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, हे काय? पाहुणे काय म्हणतील? मला यात तोंड दिसलं पाहिजे!"

"साहेब, त्या ओरखड्यांतच तेल थांबतं. गुळगुळीत केलं तर ते टिकायचं कुठे?"

साहेबांपुढे शहाणपण कधी चाललंय! नवी चकती बाहेरून चकाचक होऊन आली. साहेबांनी तिच्यात बघून भांग नीट केला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे त्यांनी अर्धा तास एरंडाचं गुऱ्हाळ लावलं. मग यंत्र सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला असं किंचाळलं की पाहुण्यांनी कानांत बोटं घातली. गोळी एका बाजूने पार सपाट झाली होती. कोणालाही न विचारता ताईंनी स्वतः घासलेली चकती आणि नवी गोळी बसवली.

"बसा दोन तास," त्या पाहुण्यांना म्हणाल्या.

दोन तास यंत्राने हूं की चूं केलं नाही. गोळीवरचा डाग मोहरीएवढाही नव्हता. तेल पास!

साहेब म्हणजे पडलो तरी नाक वर. "आधी मुद्दाम चूक दाखवली, म्हणजे बरोबर काय ते मनावर ठसतं," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. ताईंना राग आला, चांगलाच आला. पण टाळं टळलं होतं, म्हणून त्यांनी तो गिळला.

सोमवारी साहेबांनी फर्मान काढलं. "ताई, ओरखड्यांनी एवढा फायदा होतो ना? मग यापुढे घासायला तो बारीक सहाशे नंबरचा कागद बंद. साठ नंबरचा घ्या. जितकं खरबरीत तितकं उत्तम!"

साठ नंबर म्हणजे सुताराने फळ्या घासायचा कागद. त्याने चकतीवर उठणारे उंचवटे तेलाच्या वर डोकं काढून गोळीला खाऊन टाकणार. हे सगळं ताईंच्या ओठांवर आलं होतं. तीस वर्षं त्या प्रत्येक साहेबाला खरं तेच सांगत आल्या होत्या.

"हो साहेब, साठच," त्या म्हणाल्या.

मग दार लावून त्यांनी सहाशेचाच कागद काढला. खोटं बोलल्याची लाज वाटेल म्हणून क्षणभर थांबल्या. ती काही आली नाही, तेव्हा त्यांनी घासायला सुरुवात केली.