सात क्रमांकाची गैरहजेरी

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. माझ्या पाठीवर पितळेचा सात हा आकडा ठोकलेला आहे. मित्रांनो, सुताराने आम्हा बारा बहिणींना एकाच ओंडक्यातून घडवले आणि विद्यापीठाच्या सभागृहात आणून सोडले. विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या नियामक मंडळाचे बारा सदस्य आमच्यावर बसत. नव्याचे नऊ दिवस आमचे फार कौतुक झाले. येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या हातांवरून हात फिरवून जाई.

पुढे माझ्या वाट्याला गणिताच्या निवृत्त बाई आल्या. खरे सांगते, मला त्या मुळीच आवडत नसत. बोलण्याच्या भरात त्या मला मागच्या दोन पायांवर झुलवत, आणि बोलण्याचा भर त्यांना नेहमीच असे. संध्याकाळची अभ्यासिका बंद करून तिथे अध्यक्षांचे नवे दालन करायचे घाटत होते. "मग मुलांनी वाचायचं कुठे? जिन्यात?" असे विचारून बाई दर सभेत तो विषय अडवून धरत. अध्यक्ष त्यांना पाण्यात पाहत. एका सभेत बाई इतक्या तावातावाने झुलल्या की माझा पाय कडकन मोडला. माझी रवानगी सुताराकडे झाली आणि तिथे मी महिनाभर पडून राहिले.

मी परत आले तेव्हा बाईंचा पत्ताच नव्हता. दोन सभा मी रिकामी होते. मनात म्हटले, बरे झाले, सुंठीवाचून खोकला गेला. तिसऱ्या सभेला मात्र बाई आल्या. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. त्या बसतात न बसतात तोच अध्यक्षांनी कागद उचलला.

"लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिलेल्या सदस्याला काढता येतं, असा नियम आहे. बाई तीन सभा आल्या नाहीत. हात वर करा, म्हणजे पुढचा विषय घेऊ."

"तीन?" बाई गोंधळल्या. "बहीण दवाखान्यात होती हो. मला दिवसांचा काही हिशेबच राहिला नाही."

हात वर जाऊ लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून कुलसचिव उठले. हे गृहस्थ इतके मवाळ, की दारालासुद्धा ढकलताना 'माफ करा' म्हणतील.

"साहेब, असं नाही करता येणार. आधी बाईंना तारखांसकट लेखी कळवायचं. पंधरा दिवस द्यायचे. मग त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि मग मत."

"अहो, निकाल सगळ्यांना ठाऊकच आहे. उगाच उशीर कशाला?"

"ठाऊक असला तरी, साहेब."

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. या वेळी त्या झुलल्या नाहीत. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. इतक्या वर्षांत मला त्यांची पहिल्यांदाच दया आली.

"शेवटच्या दोन सभांना मी नव्हते," त्या म्हणाल्या. "पण त्याआधीच्या सभेची तारीख वाचली आणि आठवलं. त्या दिवशी मी इथेच होते. खुर्ची सुताराकडे, म्हणून खिडकीपाशी स्टुलावर बसले होते."

अध्यक्ष हसले. "हजेरीपटावर सही कुठाय?"

मग दाराशी उभे असलेले म्हातारे शिपाईमामा पुढे आले. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

"चूक माझी आहे, साहेब. पट मी खुर्च्यांच्या क्रमानं फिरवतो. सहानंतर आठ. सात नंबरची खुर्चीच नव्हती, म्हणून मी पुढे गेलो. नंतर रिकाम्या रकान्यात फुली पडली."

कुलसचिवांनी फाटकावरची नोंदवही मागवली. मी कोणत्या दिवशी बाहेर गेले आणि कधी आत आले, ते तिथे लिहिलेले होते. ती सभा बरोबर त्या दोन तारखांच्या मध्ये पडत होती. माझ्या अनुपस्थितीची फुली बाईंच्या नावावर चढली होती.

"मग ठराव मागे घेतो," अध्यक्ष पुटपुटले.

"नको," बाई म्हणाल्या. "आता मतं घ्याच. गुप्त. कुणाच्या मेहेरबानीवर मला इथे बसायचं नाही." त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. अकरा चिठ्ठ्या निघाल्या. नऊ जणांनी त्यांना ठेवा म्हटले. अभ्यासिकाही राहिली.

आता सभागृहात फिरत्या खुर्च्या आल्या आहेत आणि मी जिन्याखाली धूळ खात आहे. अंगावर कोळ्यांनी संसार थाटले आहेत. वाईट वाटते, पण माझे सोडा, मी लाकूड. मित्रांनो, एखाद्या माणसाला त्याच्या जागेवरून उठवायची वेळ तुमच्यावर आली, तर त्याच्यावरचा ठपका त्याला नीट सांगा. आठवायला सवड द्या. तो नावडता असेल तर थोडी जास्तच द्या. कारण त्या पहिल्या दिवशी सभागृहात कुणीही खोटे बोलत नव्हते. अध्यक्षांच्या हातातला कागदसुद्धा त्यांच्या मते खराच होता. आणि मला मत असते, तर बाईंना काढा म्हणून माझाही हात वर गेला असता. अगदी प्रामाणिकपणे.