ओढ्याकाठची सपाट जागा

पृथ्वीराजनं कोयनानगरच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठच्या आमच्या रानात तंबू टाकून पर्यटकांची सोय केली, तेव्हा मी इकडं पलूसला, सासरी, पेढे वाटले. धाकटा भाऊ कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःचं काही करतोय, याचं कौतुक मलाच जास्त. मूर्ख होते मी.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आम्हा मायलेकींना तिथं मुक्कामाला बोलावलं. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळं मागच्या वर्षी तिला ओढ्यापर्यंत जाता आलं नव्हतं. आता जीप थेट खाली उतरते म्हटल्यावर तिनं सकाळीच डब्यात दूधभात भरून घेतला. तो कुणासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. बारशाआधीच गेली. तान्ह्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी तिला ओढ्याकाठी जांभळीखाली पुरलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे रचले. दर दिवाळीला आई तिथं दूधभात ठेवायची. लहानपणी आम्हा दोघांनाही बरोबर न्यायची.

जांभूळ जागेवर होती. तिच्याखाली मोठा निळा तंबू होता आणि आत कुणीतरी खिदळत होतं. शेजारी शेकोटीची जागा, तिच्याभोवती गोल मांडलेले धोंडे, त्यांवर पाहुण्यांचे ओले बूट वाळत घातलेले.

आई डबा धरून उभीच राहिली. "हितलं धोंडं कुठं गेलं रं?"

पृथ्वीराजनं माझ्याकडं बघितलं. "शेकोटीला लावलं. तेवढीच जागा सपाट हुती, आई."

"तुला ठावं न्हवतं व्हय रं?" मी ओरडले.

"ठावं हुतं की. पर आक्का, आता तितं काय ऱ्हायलंय? समदी माती झाली आसंल. आन् हळू बोल, पावणं ऐकत्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला तिथंच दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. पण आईनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. नवं काम हाय त्याचं."

मग तंबूची दोरी कशीबशी ओलांडून ती जांभळीच्या मुळाशी वाकली आणि पानावर भात ठेवला. तेवढ्यात तंबूतून एक बाई बाहेर आल्या. स्वभावानं चांगल्या होत्या. त्यांनी आईला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"झाडाची पूजा करताय का आजी? किती छान! मुलं किती तुम्हाला?"

आईनं पृथ्वीराजकडं बघितलं. 

"दोन," आई म्हणाली.

"वा! चौकोनी कुटुंब," बाई म्हणाल्या, आणि पृथ्वीराज हसत हसत त्यांच्यासाठी चहा आणायला गेला.